खेळणाऱ्याचं नाव पडद्यावर, घडवणाऱ्याचं कुठे?

१९७९ च्या अखेरीस ‘अ‍ॅस्टरॉइड्स’ हे नाण्यावर चालणारं यंत्र अमेरिकेतल्या आर्केडमध्ये आलं. खेळ संपला आणि गुण पहिल्या दहांत बसले, की यंत्र खेळणाऱ्याला तीन अक्षरं टाकू देई. कुणी मागे टाकेपर्यंत किंवा यंत्र बंद होईपर्यंत ती पडद्यावर झळकत राहत. एक्झिडी कंपनीच्या ‘स्टार फायर’ने ही सोय त्याच वर्षी आधी दिली होती, पण अ‍ॅस्टरॉइड्सची सत्तर हजारांहून अधिक यंत्रं विकली गेली आणि ती सवय सगळीकडे पोचली. अनोळखी शाळकरी पोरांची आद्याक्षरं गावोगावच्या पडद्यांवर लागली. खेळाची कल्पना मांडणारे लाइल रेन्स, तो लिहिणारे एड लॉग आणि त्याची इलेक्ट्रॉनिक जुळणी करणारे हॉवर्ड डेलमन यांची नावं मात्र यंत्रावर नव्हती. तिथे एकच नाव होतं, अटारी.

सुरुवातीच्या व्हिडिओ गेम्सबद्दल लिहिताना बहुतेकांचं लक्ष तंत्राकडे जातं: मेमरी किती तुटपुंजी होती, ठिपके किती मोठे होते. त्याहून कळीचा आणि कमी चर्चिला गेलेला प्रश्न कर्त्याचा आहे. खेळ कुणाचा मानायचा, नाव कुणाचं लागलं, पैसा कुठे गेला? साठ ते नव्वदच्या दशकांदरम्यान कॅलिफोर्निया, टोकियो, लिव्हरपूल आणि मॉस्को इथे या प्रश्नाला इतकी निरनिराळी उत्तरं मिळाली, की ती शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय या माध्यमाचा इतिहास नीट कळत नाही.

आरंभी हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. १९५८ मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपवर टेनिसचा खेळ मांडला तो पाहुण्यांच्या करमणुकीसाठी. पेटंट घ्यावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. १९६२ मध्ये एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ उभा केला. मूळ कार्यक्रम रसेल यांचा, गुरुत्वाकर्षण डॅन एडवर्ड्स यांचं, खऱ्या आकाशाशी जुळणारे तारे पीटर सॅमसन यांचे. कोणी काय केलं हे आजही नेमकं सांगता येतं, कारण ते लपवण्यात कुणाचा फायदा नव्हता. कागदी टेपवर छिद्रं पाडलेला तो कार्यक्रम मागेल त्याला मिळत असे.

राल्फ बेअर यांचं तसं नव्हतं. सँडर्स असोसिएट्स या संरक्षण कंपनीत काम करणाऱ्या या इंजिनिअरने १९६६ मध्ये टीव्हीवर खेळता येतील अशा खेळांची टिपणं काढली आणि प्रत्येक टप्प्याची तारीखवार नोंद ठेवली. त्यातून १९७२ मध्ये मॅग्नावॉक्सचं ‘ओडिसी’ हे पहिलं घरगुती यंत्र आलं. त्याच वर्षी अटारीत अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ घडवला. मॅग्नावॉक्स न्यायालयात गेली, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि अटारीने परवाना घेतला. बेअर यांचं नाव टिकलं ते पेटंटच्या कागदामुळे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे असा कागद नव्हता, आणि पुढची सगळी गुंतागुंत त्यातूनच झाली.

श्रमाचं मोल किती सहज दुसऱ्याच्या खिशात जाई, याचा नमुना म्हणजे ‘ब्रेकआउट’. १९७६ च्या या खेळाचं काम अटारीने स्टीव्ह जॉब्स यांना दिलं होतं. जॉब्स यांनी ते मित्राकडून, स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांच्याकडून करून घेतलं. वॉझ्निअ‍ॅक यांनी चार रात्री जागून फार थोड्या चिप्समध्ये ते बसवलं. त्यांच्या हाती साडेतीनशे डॉलर पडले. चिप वाचवल्याबद्दल अटारीने बरीच मोठी रक्कम दिली होती, हे त्यांना कित्येक वर्षांनी कळलं. अटारीला ती रचना इतकी आवळलेली वाटली की कारखान्यात ती वापरलीच गेली नाही. तरी त्या जागरणाचं एक फळ राहिलं: बेसिक भाषेत ब्रेकआउट लिहिता यावा म्हणून वॉझ्निअ‍ॅक यांनी अ‍ॅपल २ मध्ये रंग, आवाज आणि फिरवायचे पॅडल यांची सोय केली. घरगुती संगणकाचं रूप ठरण्यात एका आर्केड खेळाचा असा थेट हात आहे.

या प्रश्नाला खरं तोंड फुटलं ते अटारीच्या घरगुती यंत्रावर. १९७७ मध्ये आलेल्या या यंत्राला पुढे ‘२६००’ म्हणू लागले. त्याची मेमरी १२८ बाइट, म्हणजे या परिच्छेदातली दोन वाक्यंही तिच्यात मावणार नाहीत. पडद्याचं पूर्ण चित्र साठवायला जागाच नव्हती. टीव्हीचा किरण एकेक ओळ काढत असताना त्या ओळीत काय दिसायचं ते कार्यक्रमाने चिपला त्याच क्षणी सांगायचं, चालत्या मागावर नक्षी बदलत राहणाऱ्या विणकरासारखं. असं काम समितीने होत नाही. एकच माणूस खेळाची कल्पना करी, चित्रं आखी, आवाज जुळवी आणि प्रत्येक सूचना चार किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवी. ‘हा खेळ अमक्याने रचला’ असं निःशंक म्हणता येईल असं माध्यम त्या काळात हेच होतं, आणि नेमकं इथेच नाव लावायला मनाई होती.

वॉर्नर कम्युनिकेशन्सने १९७६ मध्ये अटारी विकत घेतली आणि काही काळाने कारभार रे कासार यांच्याकडे आला. ते बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या कापड कंपनीतून आले होते. प्रोग्रामरांची नावं जाहीर झाली तर प्रतिस्पर्धी त्यांना पळवतील, ही कंपनीची धास्ती होती. अटारीतले प्रोग्रामर डेव्हिड क्रेन यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं आहे, की विक्रीचा तक्ता हाती आल्यावर आपण चौघा प्रोग्रामरांनी केलेल्या खेळांनी कंपनीला किती कमवून दिलं हे त्यांना दिसलं. ते पुस्तकाच्या लेखकासारखी रॉयल्टी आणि नाव मागायला कासार यांच्याकडे गेले. उत्तर मिळालं, की कार्ट्रिज जुळवणाऱ्या कामगाराहून तुमचं महत्त्व जास्त नाही. जुळणी कामगाराला कमी लेखून प्रोग्रामरला गप्प करणारं हे वाक्य खरोखर दोघांचाही अपमान करतं. १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड यांनी जिम लेव्ही यांच्यासह ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ काढली.

यंत्र एका कंपनीचं आणि त्यावरचा खेळ दुसरीचा, ही आज सर्वमान्य असलेली पद्धत इथून सुरू झाली. अटारीने खटला भरला. १९८२ मध्ये तो मिटला. अ‍ॅक्टिव्हिजनच्या पुस्तिकेत खेळ रचणाऱ्याचा फोटो असे आणि त्याच्या सहीने खेळण्याच्या युक्त्या असत. क्रेन यांच्या ‘पिटफॉल’च्या चाळीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. जंगलातली २५५ दृश्यं चार किलोबाइटमध्ये साठवणं अशक्य होतं, म्हणून क्रेन यांनी एका छोट्या सूत्रातून ती त्या त्या वेळी निर्माण करवली. कॅरल शॉ यांनी अटारीत त्रिमिती फुली-गोळ्याचा खेळ केला होता. त्यांची सर्वांत गाजलेली कामगिरी ‘रिव्हर रेड’ मात्र अ‍ॅक्टिव्हिजनमध्ये, त्यांच्या नावानिशी आली. रॉब फुलॉप यांनी अटारीसाठी ‘मिसाइल कमांड’ची घरगुती आवृत्ती केली. तिच्या तुफान खपानंतर नाताळला बोनस म्हणून टर्की पक्ष्याचं कूपन हाती आलं, असं ते सांगतात. त्यांनीही अटारी सोडली आणि ‘इमॅजिक’मध्ये जाऊन ‘डीमन अटॅक’ लिहिला.

सगळेच बाहेर पडले नाहीत. काहींनी आतच सही केली. वॉरन रॉबिनेट यांच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात भिंतीच्याच रंगाचा एक ठिपका दडलेला होता. तो उचलून ठरावीक खोलीत नेला की वाट उघडे आणि आत उभी अक्षरं चमकत: ‘क्रिएटेड बाय वॉरन रॉबिनेट’. कंपनीच्या तपासणीतून ही खोली सुटली. खेळ बाजारात येईपर्यंत रॉबिनेट यांनी नोकरी सोडलेली होती. एका पंधरा वर्षांच्या मुलाने ती शोधून कंपनीला पत्र लिहिलं, तेव्हा कार्ट्रिज बदलणं खर्चाचं होतं. मग अटारीने अशा गुपितांचं स्वागत करायचं ठरवलं. ‘ईस्टर एग’ हे नाव तिथूनच रूढ झालं. हा प्रकार पहिलाच नव्हता. अटारीच्या १९७७ च्या ‘स्टारशिप १’ या आर्केड यंत्रात रॉन मिलनर यांनी स्वतःच्या नावाचा छोटा संदेश ठेवला होता. तो जगाला कळला २०१७ मध्ये, चाळीस वर्षांनी. फुलॉप यांच्या मिसाइल कमांडमध्येही त्यांची आद्याक्षरं दडलेली आहेत.

या लपलेल्या सह्यांकडे आज गंमत म्हणून पाहिलं जातं. शोधणाऱ्याला आनंद होतो, कंपन्या जाहिरातीत त्यांचा वापर करतात. पण त्यांचा उगम तक्रारीत आहे. ज्याला पुठ्ठ्याच्या खोक्यावर दोन शब्द छापून मिळाले असते, त्याला एवढ्या चिमुकल्या मेमरीतली मौल्यवान जागा खर्च करून स्वतःचं नाव पुरून ठेवावं लागलं.

न्यायालयांनी दरम्यान अर्धं उत्तर दिलं. १९८२ मध्ये अमेरिकेत ‘स्क्रँबल’, ‘डिफेंडर’ आणि ‘पॅक-मॅन’ यांच्या नकलांवरचे खटले निकाली निघाले. पडद्यावर दिसणारं चित्र आणि कोड या दोन्हींना कॉपीराइटचं संरक्षण आहे, हे त्यातून पक्कं झालं. खेळ ही कलाकृती ठरली. पण पगारी नोकराने केलेल्या कामाचा मालक नोकरी देणाराच राहिला.

जपानमध्ये गुप्तता आणखी कडक होती. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) तोमोहिरो निशिकादो यांनी जवळजवळ एकट्याने केला. खेळ लिहिला, चित्रं काढली, एवढंच नाही तर त्यासाठी लागणारं इलेक्ट्रॉनिक यंत्रही स्वतः जुळवलं. शत्रू मरत जातील तसे उरलेले वेगाने येतात, याचं कारण प्रोसेसरला रंगवायला कमी आकृत्या उरतात. निशिकादो यांनी हा परिणाम पाहिला आणि तसाच ठेवला. पॅक-मॅनचे तोरू इवातानी आज जगप्रसिद्ध आहेत, पण त्या यशाबद्दल नामको कंपनीने वेगळं बक्षीस दिलं नाही, असं त्यांनीच सांगितलं आहे. आणि तो खेळ प्रत्यक्ष लिहिणारे शिगेओ फुनाकी, त्याचे आवाज करणारे तोशिओ काई ही नावं पॅक-मॅनच्या चाहत्यांनाही सहसा सांगता येत नाहीत.

‘डाँकी काँग’चं प्रकरण तर अधिक बोलकं आहे. १९८१ मधला निन्टेंडोचा हा खेळ म्हटला की शिगेरू मियामोतो यांचं नाव येतं, आणि कल्पना, पात्रं, रचना त्यांची आहेत यात शंका नाही. पण प्रोग्रामिंग इकेगामी त्सुशिंकी या बाहेरच्या कंपनीने केलं होतं. तिच्या लोकांनी कोडच्या पोटात, तो उलगडून वाचू पाहणाऱ्यासाठी, मोडक्या इंग्रजीत अभिनंदनाचा संदेश आणि आपल्या कंपनीचा फोन नंबर ठेवला. पुढे कोडच्या मालकीवरून दोन्ही कंपन्या न्यायालयात गेल्या आणि वाद तडजोडीने मिटला. त्या कोडच्या प्रत्येक ओळीमागे कोण होतं, हे मियामोतो यांच्या कीर्तीच्या झोतात दिसेनासं झालं. नामकोच्या ‘झेव्हियस’मध्ये मासानोबू एन्दो यांनी सही केली तीही टोपणनावाने: खेळ सुरू होताच उजव्या कडेला जाऊन बॉम्ब टाकत राहिलं, की ‘प्रोग्राम बाय एव्हेझू’ असा मजकूर उमटतो.

घरगुती खेळांच्या शेवटी नामावली दाखवण्याची पद्धत आली, तेव्हाही जपानी कंपन्यांनी खरी नावं टाळली. ‘मेगा मॅन’च्या नामावलीत केइजी इनाफुने यांचं ‘इनाफकिंग’ झालेलं आहे. कोनामीचा ‘काँट्रा’ पूर्ण करणाऱ्याला ‘उमेचान’ असं लाडकं नाव दिसतं.

काँट्राशी मराठी वाचकांचा संबंध जवळचा आहे. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत टीव्हीला जोडायचे जे ‘व्हिडिओ गेम’ घरोघरी आले, ते बहुतांशी निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. एका कॅसेटमध्ये चौसष्ट, कधी हजारो खेळ असल्याचा दावा असे. अशा नकली कॅसेटींत पहिल्याच पडद्यावरची कंपनीच्या हक्काची ओळ बहुधा पुसलेली असे. म्हणजे कर्त्याचं नाव मूळ कंपनीने झाकलं आणि कंपनीचं नाव नक्कल करणाऱ्याने. इथल्या एका पिढीने मारिओ आणि काँट्रा अक्षरशः निनावी कृती म्हणून खेळले. तीस जीव मिळवून देणारी वर-वर-खाली-खाली ही बटणांची किल्ली मात्र तोंडोतोंडी गल्लीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक झाली. ती ‘ग्रेडियस’ची घरगुती आवृत्ती करताना काझुहिसा हाशिमोतो यांनी घातली, कारण चाचणी घेताना तो खेळ त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता. २०२० मध्ये ते गेले तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी दखल घेतली.

घरगुती संगणकांची कथा अगदी वेगळी, आणि मनाला उभारी देणारी आहे. इथे नाव लपवायला कंपनीच नव्हती. डेव्हिड आहल यांच्या बेसिकमधल्या खेळांच्या पुस्तकात प्रत्येक कार्यक्रम पूर्ण छापलेला असे. वाचकाने तो स्वतः टाइप करायचा. ते दहा लाखांवर खपलं. रिचर्ड गॅरियट यांनी ‘अकालाबेथ’ आणि रॉबर्टा व केन विल्यम्स यांनी ‘मिस्टरी हाउस’ प्लास्टिकच्या पिशव्यांत फ्लॉपी घालून विकायला काढले. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम १२५ पौंडांपासून मिळू लागला आणि साध्या ध्वनिकॅसेटवर खेळ भरता येत असल्याने निजायच्या खोलीतून प्रकाशन करता येऊ लागलं. लिव्हरपूलजवळच्या वॉलसीत राहणाऱ्या किशोरवयीन मॅथ्यू स्मिथने ‘मॅनिक मायनर’ लिहिला. हक्क त्याच्याकडेच असल्याने प्रकाशकाशी बिनसल्यावर तो खेळ उचलून दुसरीकडे घेऊन गेला. अटारीच्या नोकराला हे स्वप्नातही शक्य नव्हतं.

डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी ‘एलिट’ १९८४ मध्ये बीबीसी मायक्रोसाठी लिहिला. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, सगळं ३२ किलोबाइटच्या यंत्रात. दोघांनी इतर संगणकांवरच्या आवृत्त्यांचे हक्क स्वतःकडे राखले आणि ते चांगल्या बोलीला विकले. (हाच बीबीसी मायक्रो त्याच सुमारास ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून भारतातल्या निवडक शाळांतही पोचला.) अमेरिकेत ट्रिप हॉकिन्स यांनी १९८२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स काढली, ती संगीताच्या तबकड्यांसारखी वेष्टनं, लेखकासारखे करार आणि जाहिरातीत खेळकर्त्यांचे फोटो घेऊन. तिथूनच ‘म्यूल’ हा चौघांनी मिळून खेळायचा व्यापाराचा खेळ आला. तो रचणाऱ्या, पुढे डॅनिएल बन्टन बेरी या नावाने ओळखल्या गेलेल्या कलावंताला जी मान्यता मिळाली, ती नाव छापलं गेल्यामुळेच.

मॉस्कोत नाव मिळालं, पैसा नाही. १९८४ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांनी ‘इलेक्ट्रोनिका ६०’ या यंत्रावर ‘टेट्रिस’ केला. त्यावर चित्र काढायची सोय नव्हती. ठोकळे कंसांनी बनलेले होते. शाळकरी वयाच्या वादिम गेरासिमोव्हने तो पीसीवर आणला. ब्रिटन, जपान, अमेरिकेतल्या कंपन्या हक्कांसाठी भांडत राहिल्या आणि १९८९ मध्ये गेम बॉयबरोबर तो जगभर गेला. परवान्याचे पैसे सोव्हिएत सरकारी संस्थेकडे जात. पाजित्नोव यांना रॉयल्टी मिळू लागली १९९६ नंतर.

नाव छापलं म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. एकाच नावाची कीर्ती इतरांना झाकते. ‘सेंटिपीड’ डोना बेली आणि एड लॉग यांनी मिळून केला. अटारीच्या आर्केड विभागातल्या एकमेव स्त्री प्रोग्रामर असलेल्या बेली काही वर्षांतच क्षेत्रातून बाहेर पडल्या आणि खेळ बराच काळ लॉग यांच्या खात्यात जमा राहिला. गुहेतल्या भटकंतीचा मजकुरी खेळ ‘अ‍ॅडव्हेंचर’ (रॉबिनेट यांच्या खेळाहून वेगळा) विल क्राउदर यांनी लिहिला आणि डॉन वुड्स यांनी वाढवला. वुड्स यांनी बदल करण्याआधी क्राउदर यांना शोधून त्यांची परवानगी घेतली. श्रेयाचा प्रश्न भांडणाशिवाय सुटू शकतो याचं एवढं स्वच्छ उदाहरण या इतिहासात दुसरं मिळणं कठीण.

नोंदी भरून काढण्याचं काम आता चालू आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या मोबीगेम्स या संकेतस्थळावर हौशी मंडळी खेळांच्या नामावल्या एकेक करून नोंदवतात आणि टोपणनावांपुढे खरी नावं लावतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ पासून पॅक-मॅन, टेट्रिस असे खेळ घेतले ते कर्त्यांच्या नावांसह. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ कोड जॉर्डन मेकनर यांच्या वडिलांना घरातल्या खोक्यात सापडला आणि २०१२ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. डिजिटल एक्लिप्स ही कंपनी जुने खेळ विकते ते कर्त्यांच्या मुलाखती, टिपणं आणि अर्धवट आवृत्त्यांसकट. २०२२ चा अटारीवरचा संग्रह आणि त्यानंतरचा ‘कराटेका’वरचा, दोन्ही पाहावेत असे आहेत.

करारात नाव असणं किती दूरवर पोचतं, हे ‘मिस पॅक-मॅन’ने दाखवलं. हा खेळ नामकोने घडवलेला नव्हे. मॅसॅच्युसेट्समधल्या जनरल कॉम्प्युटर या छोट्या कंपनीच्या तरुणांनी पॅक-मॅनमध्ये फेरफार करून तो बनवला आणि १९८२ मध्ये मिडवे या कंपनीने बाजारात आणला. त्या तरुणांनी रॉयल्टीचा हक्क सोडला नाही. तो हक्क पुढे अ‍ॅटगेम्स या कंपनीकडे गेला आणि त्यावरून बांदाई नामकोशी कोर्टबाजी झाली. २०२२ मध्ये जुना ‘पॅक-लँड’ पुन्हा विक्रीला आला, तेव्हा त्यात मिस पॅक-मॅनच्या जागी नवी टोपी घातलेली ‘पॅक-मॉम’ उभी होती.